चावी कुणाच्या खिशात?

२०११ साली कंपनीनं आम्हा अकरा सुपरवायझरांना वेळेच्या नियोजनाचं एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. कारखाना होता त्या भोसरीतल्याच एका हॉटेलचा वरच्या मजल्यावरचा हॉल, थंडगार एसी, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि एक जाड डायरी. प्रशिक्षक उत्साही होते. त्यांनी फळ्यावर मोठा चौकोन काढून त्याची चार घरं केली. एका घरात तातडीचं आणि महत्त्वाचं, दुसऱ्यात महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, आणि अशीच पुढची दोन. शाळेत गाळलेल्या जागा भराव्यात तशी आम्ही आपापली कामं त्या घरांत भरत बसलो. साडेअकराच्या चहाला मोबाईल पाहिला, तर शॉपमधून नऊ मिस्ड कॉल. गेजच्या कपाटाची चावी माझ्या खिशात होती.

मशीन शॉपमध्ये ज्यांनी दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भोकात आटे पाडायचे असतात तेव्हा ते पाडणारा टॅप बदलला की पहिला पीस गेजनं तपासतात. गेज म्हणजे दोन टोकांचा, आटे असलेला पोलादी दांडा. त्याचं ‘गो’ टोक अलगद फिरत आत गेलं पाहिजे, ‘नो-गो’ टोक अडलं पाहिजे. दोन्ही झालं की पीस पास, मग पुढचा माल चालू. वर्षभरापूर्वी असं एक गेज हरवलं होतं. चौकशी झाली, मला दोन ओळींचं पत्र मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी मी कपाटाला कुलूप घातलं. तेव्हापासून ज्याला गेज हवं तो मला शोधत यायचा. मी जागेवर असलो तर दोन मिनिटं, नसलो तर मी सापडेपर्यंत.

त्या दिवशी तीन मशिनं थांबली. ऑपरेटर काही बिड्या फुंकत बसले नव्हते. त्यांनी पहिले पीस काढून, पुसून ट्रेमध्ये मांडले होते आणि ते कपाटाजवळ उभे होते. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा ज्यांना सगळी शॉप मामा म्हणते ते आमचे जुने सेटर हात पुसत पुढे आले. “शिकून आलात का साहेब? मग आता ती चावी द्या.”

बोलण्यात खोच होती, पण राग नव्हता. मामांची सव्वीस वर्षं नोकरी झालेली, माझी नऊ. मी हसून वेळ मारून नेली. चावी मात्र दिली नाही. ती द्यायला मला आणखी आठ महिने लागले, आणि ते आठ महिने का लागले हाच खरा या लेखाचा विषय आहे.

वेळेच्या नियोजनाची जी पुस्तकं आणि प्रशिक्षणं आपल्याकडे चालतात, त्यांच्या मुळाशी एक गृहीत असतं: वेळ हा माणसाच्या खिशातल्या पैशासारखा आहे. तुमचा वेळ तुमचा, तो कुठे खर्चायचा ते तुम्ही ठरवा, उधळू नका. लेखकाला हे लागू पडेल, विद्यार्थ्याला पडेल, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरलाही काही अंशी पडेल. सुपरवायझरला मुळीच पडत नाही. त्याचा वेळ खिशात नसतोच, तो आजूबाजूला उभ्या असलेल्या तीस माणसांत वाटला गेलेला असतो. तो किती कामात होता याला फारसा अर्थ नाही. त्याच्यासाठी किती जण किती वेळ ताटकळले, हे विचारा. माझ्या मते त्याचं सगळं वेळेचं नियोजन या एका प्रश्नात येतं.

अमेरिकेत रॉबर्ट गेस्ट नावाच्या अभ्यासकानं १९५० च्या दशकात ५६ फोरमनांचे दिवस जवळून नोंदवले. आठ तासांच्या पाळीत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ५८३ कामं आली. म्हणजे एक काम मिनिटभरही टिकत नव्हतं. पुढे हेन्री मिंट्झबर्गनं पाच बड्या कंपनीप्रमुखांच्या मागे फिरून १९७३ साली पुस्तक लिहिलं, त्यात त्या प्रमुखांचीही निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती. पण प्रमुखाच्या दारात चिठ्ठी घेणारा शिपाई असतो. फोरमनला दारच नसतं. ५८३ वेळा तुकडे पडलेल्या दिवसात ‘दोन तास सलग राखून ठेवा’ हा सल्ला म्हणजे दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता शवासन करायला सांगण्यासारखं आहे.

हे ओझं एका माणसाला झेपणारं नाही हे फार आधी ओळखलं ते, गंमत म्हणजे, स्टॉपवॉचवाल्या फ्रेडरिक टेलरनं. कामगाराच्या हालचालीचा सेकंदासेकंदाचा हिशेब मांडणारा म्हणून तो आपल्याकडे बदनाम आहे, आणि ते बऱ्याच अंशी योग्यच आहे. पण १९०३ सालच्या आपल्या पुस्तकात त्यानं सुचवलं होतं की एका फोरमनचं काम फोडून आठ जणांत वाटावं, चार नियोजनाच्या खोलीत आणि चार शॉपमध्ये. योजना फार चालली नाही. आठ साहेब असलेल्या कामगाराची काय दशा होईल ते वेगळं सांगायला नको. तरी रोगाचं निदान बरोबर होतं. आपण त्याचं स्टॉपवॉच तेवढं घेतलं.

प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात मी त्या जाड डायरीत चार घरं भरली नाहीत. जॉब कार्डांच्या कोऱ्या पाठीवर कोण कशासाठी आलं ते लिहीत गेलो. शनिवारी ती कार्डं टेबलावर पसरली तेव्हा जरा लाजच वाटली. मोठा गठ्ठा सह्यांचा होता: गेटपास, स्टोअरची स्लिप, रीवर्कचा टॅग. त्यातल्या बहुतेक कागदांकडे मी नीट पाहतही नव्हतो. दुसरा गठ्ठा गेजचा. तिसरा ‘साहेब, हा जॉब आधी लावू का तो?’ या प्रश्नाचा. चौथा रजेचा आणि पाळी बदलण्याचा. बेअरिंगचा आवाज येतोय, मालाच्या कडकपणात फरक वाटतोय, नवीन पोरगा सेफ्टी दरवाजा न लावता मशीन चालवतोय, अशा ज्यात खरोखर माझी अक्कल लागेल त्या गोष्टींची कार्डं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्या सांगायला आलेली माणसंच सह्यांच्या रांगेत सगळ्यात मागे उभी राहिली असणार, कारण बेअरिंगचा आवाज काही हातात कागद घेऊन येत नाही.

‘आधी कुठला जॉब?’ हा प्रश्न ऑपरेटरच्या आळसातून येत नव्हता. प्लॅनिंगवाले दिवसातून तीनदा बेत बदलायचे आणि तो फक्त मला फोनवर सांगायचे. शॉपमधली ती माहिती माझ्या डोक्याच्या बाहेर कुठेच नव्हती. एक पांढरा बोर्ड आणून प्रत्येक मशीनसमोर पुढचे तीन जॉब लिहायला लागलो, तर तो गठ्ठा महिन्याभरात पार वाळला. यात हुशारी काही नाही. नवल एवढंच की नऊ वर्षांत हे सुचलं नाही.

व्यवस्थापनाच्या वर्तुळात माकडाची एक गोष्ट फार प्रिय आहे. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांनी १९७४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ती मांडली. हाताखालचा माणूस आपली अडचण घेऊन येतो, तुम्ही ‘बघतो’ म्हणता, आणि त्याच्या खांद्यावरचं माकड उडी मारून तुमच्या खांद्यावर बसतं. म्हणून माकड ज्याचं त्याला परत द्या. आमच्या प्रशिक्षकांनीही ती सांगितली आणि सगळे खळखळून हसले. ऑफिसच्या टेबलांपुरती ती खरीही आहे. शॉप फ्लोअरवर मात्र मी अनेकदा उलटंच पाहिलं आहे. माकड मुळात साहेबाचंच असतं, त्यानं ते कपाटात कोंडून चावी खिशात ठेवलेली असते आणि वर तोच माणसांना म्हणतो, ‘स्वतः निर्णय घ्यायला शिका.’ ज्याला गेज काढायची मुभा नाही, पाचशे रुपयांचा टॅप बदलायला सही लागते, त्याला निर्णयक्षमतेचं व्याख्यान देणं हा शुद्ध कोडगेपणा आहे.

टोयोटाच्या काही कारखान्यांत लाइनच्या वर दोरी असते. कामगाराला काही खटकलं की तो ती ओढतो, दिवा लागतो, सूर वाजतो आणि त्याचा टीम लीडर धावत येतो. ठरावीक टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. या दोरीवर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात, पण एक गोष्ट गाळून. तिथे एका टीम लीडरकडे साधारण पाच-सहा माणसं असतात. धावत येणं हे त्याचं कामच असतं, कामातला व्यत्यय नसतो. आपण दोरी लावतो, दिवे लावतो, आणि तीस-चाळीस माणसांमागे एक सुपरवायझर ठेवून त्याला सांगतो की तुला वेळेचं नियोजन जमत नाही.

आता वेळेच्या सगळ्यात नाजूक जागेबद्दल. पाळी बदलते ती दहा मिनिटं.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट झाले आणि १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत जे पुढे आलं त्यातला एक धागा कुठल्याही सुपरवायझरची झोप उडवणारा आहे. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणपट्टी बसवली होती. काम अपुरं राहिलं. तसा कागद होता, पण ती गोष्ट रात्रपाळीच्या माणसांच्या कानावर पडली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू करायला घेतला. पुढे आगीला कारणं अनेक मिळाली, पण सुरुवात एका पाळीनं दुसरीला न सांगितलेल्या एका वाक्यापाशी आहे.

आमच्याकडे कधी एवढं भयंकर घडलं नाही. पण चित्र तेच. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, कंपनीची बस तीन पस्तीसला. ती चुकली तर चाकणकडे राहणाऱ्याचा तास जातो. त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत जाणारा सुपरवायझर एका पायावर उभा आणि येणारा अजून लॉकरपाशी. ‘काय विशेष?’ ‘काही नाही, चार नंबरचं जरा बघ.’ आता जरा म्हणजे काय? आवाज, माप, की ऑपरेटर नवा? ते कळायला पुढच्याचा तास जायचा, कधी ट्रेभर माल रिजेक्ट व्हायचा. दोन पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटं सामायिक ठेवा अशी मागणी मी दोनदा केली. उत्तर आलं की पंधरा मिनिटं दोन्हीकडचे लोक हजर म्हणजे कंपनीचा वेळ फुकट. बसची वेळ दहा मिनिटं पुढे ढकला म्हटलं, तर तो विषय ॲडमिनचा. शेवटी पुढच्या पाळीचा सुपरवायझर आणि मी, आम्ही दोघांनी आपसात ठरवलं: येणाऱ्यानं तीन वीसला यायचं आणि दोघांनी मिळून शॉपला एक चक्कर मारायची. टेबलाशी बसून बोलायचं नाही, मशीनजवळ उभं राहून बोलायचं. चार नंबरसमोर उभं राहिलं की ‘जरा बघ’ असं कुणी म्हणत नाही, बोट दाखवतो. ही दहा मिनिटं आम्ही वर्षानुवर्षं पदरची घातली.

पदरची घातली, हे मुद्दाम लिहितोय. वेळेवर बोलणारे लोक हा हिशेब टाळतात. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनं कामगाराच्या दिवसाला नऊ तासांची हद्द घातली आणि ठरल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दर लावला. त्याच कायद्यातल्या ६४ व्या कलमानं राज्य सरकारला देखरेखीच्या जागांवरच्या माणसांची व्याख्या ठरवायची मुभा दिली, आणि त्या व्याख्येत बसणाऱ्यांना कामाच्या तासांचं प्रकरण एरवी लागू होत नसे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची तऱ्हा तीच होती. सुपरवायझरचा पगार ठरावीक आकड्यापलीकडे गेला की तो ‘कामगार’ राहत नाही. हा आकडा दोन दशकांहून जास्त काळ महिना १,६०० रुपये होता, २०१० मध्ये १०,००० झाला, २०२० च्या कामगार संहितेत १८,००० लिहिला गेला. महागाईच्या मानानं पाहिलं तर बढतीचं पत्र हातात पडताच माणूस त्या रेषेपलीकडे जातो.

परिणाम साधा आहे. ऑपरेटरला तासभर थांबवायचं तर ओटी मंजूर करून घ्यावी लागते, कुणाला तरी सही करावी लागते, म्हणून ‘खरंच गरज आहे का?’ हा प्रश्न विचारला जातो. सुपरवायझरला थांबवायला कुणाची सही लागत नाही. फुकट मिळणारी वस्तू माणूस जपून वापरत नाही, पाणी असो की माणूस. सकाळी सव्वासातला, म्हणजे पाळी सुरू होऊन पहिले पीस तपासायच्या ऐन मोक्याला, आमच्याकडे कालच्या आकड्यांची मीटिंग असायची. वरिष्ठांना त्या वेळी मोकळीक असे, एवढंच तिचं कारण. पुढे व्हॉट्सॲपचा ग्रुप आला आणि रात्री अकराला ‘उद्याचा डिस्पॅच कन्फर्म?’ यायला लागलं. अशा जागी सुपरवायझरला डायरी वाटणं म्हणजे घर गळतंय आणि भाडेकरूला छत्री भेट द्यायची.

वेळेचं हे भांडण जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराचा दिवस सूर्यावर मोजला जायचा. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मागण्या पुढे आणल्या त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार कधी व्हावा हेही होतं. रविवार मिळायला १८९० चा जून उजाडला. म्हणजे महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीचा पहिला मोठा लढा वेळेसाठीच होता. त्या गिरण्यांत मालक आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर असायचा, भरती त्याच्या हातात, हजेरी त्याच्या हातात. त्याची दादागिरी आणि लाचखोरी यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. आजचा सुपरवायझर उभा त्याच जागेवर आहे. जॉबरचे अधिकार गेले ते बरंच झालं, पण दोन्हीकडून ताणलं जाणं तेवढं राहिलं. लोखंड्यांनी वेळेला घातलेलं कुंपण कामगाराभोवती आहे, हा कुंपणाबाहेर.

इथे कुणी म्हणेल, मग सुपरवायझरनं दिवसभर लोकांच्या दिमतीला उभं राहायचं का? विचार कधी करायचा? शिवाय हाकेसरशी धावणाऱ्या साहेबाची माणसं पांगळी होतात. हा आक्षेप खरा आहे, मी तसा साहेब होतो. धावपळीला लोक कार्यक्षमता समजतात आणि आपणही समजतो. पण माणसं दोन कारणांनी तुमच्यासाठी थांबतात. काही वेळा तुमची नजर लागते म्हणून, आणि बहुतेक वेळा तुम्ही वाट अडवून ठेवलीय म्हणून. पहिल्यांसाठी धावायलाच हवं. दुसऱ्यांसाठी धावणं म्हणजे आपणच घातलेल्या कुलपाला आपणच तेल घालत राहणं.

विचाराला वेळ लागतो हेही मान्य. मला तो पावणेनऊ ते सव्वानऊ मिळायचा. पहिले पीस पास झालेले, मशिनं लयीत आलेली, नाश्ता आटोपलेला, ऑफिसचे फोन अजून सुरू न झालेले. त्या अर्ध्या तासात मी रिपोर्ट लिहायचो, उद्याचा विचार करायचो, आणि कुणाचं अडत नसे. ही फट घड्याळात कुठे आहे ते प्रत्येक शॉपचं वेगळं. ती हॉटेलातल्या हॉलमध्ये बसून सापडत नाही, महिनाभर मशिनांचा आवाज ऐकत फिरलं की सापडते. सव्वासातची मीटिंग साडेनऊला न्या, हे वरच्यांना पटवायला मला दीड वर्ष लागलं. पटलं तेही माझ्या युक्तिवादानं नाही. एकदा मोठे साहेब स्वतः सात वाजता शॉपमध्ये आले आणि अकरा सुपरवायझर मीटिंगरूममध्ये असताना शॉप कशी दिसते ते त्यांनी पाहिलं.

राहिली चावी. ती मी आठ महिने सोडली नाही याचं कारण मी स्वतःलाही ‘गेज हरवेल’ असंच सांगत होतो. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘साहेब, जरा चावी’ म्हणत यायचं आणि त्यात एक गोडवा होता. घरी बायकोला ‘श्वास घ्यायला फुरसत नाही’ असं सांगताना आवाजात तक्रारीपेक्षा मिरवणं जास्त असायचं. माझ्यावाचून अडतं, हे सुख सोडवत नव्हतं. वेळ खाणाऱ्या गोष्टींच्या याद्या मी बऱ्याच वाचल्या आहेत, मोबाईल, गप्पा, दिरंगाई. हे सुख त्यांत कुठे दिसलं नाही.

शेवटी दिवाळीच्या आधी लोड वाढला तेव्हा नाइलाजानं दिली. कपाटाच्या कडेला खिळा ठोकला, शेजारी दोरीनं एक वही बांधली, कुणी कुठलं गेज किती वाजता नेलं आणि आणलं ते लिहायला. पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसलो होतो. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, कुणी आलं नाही. चुळबुळ सुरू झाली. उगाच उठून कपाटापर्यंत गेलो. वहीत सात नोंदी होत्या, अक्षरं वेगवेगळी, एकानं वेळ चुकीच्या रकान्यात लिहिलेली. खिळ्यावर चावी नव्हती. काळजात चर्र झालं. मागे वळलो तर मामा नऊ नंबरच्या मशीनपाशी वाकून पिसात गेज फिरवत होते, चावी त्यांच्या करंगळीत अडकवलेली. त्यांनी ‘नो-गो’ लावून पाहिलं, अडलं, मान हलवली आणि गेज पुसता पुसता मला म्हणाले, “काय साहेब, काही हवं होतं?”